हसली म्हणून काय आजार लहान झाला काय?

वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

प्रश्न : ताई नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातली, वय ४६. मायं डाव्या बाजूचं स्तनाचं ऑपरेशन झालं, केमो झाले, आता नागपूरले शेक, म्हणजे रेडिएशन, चालू हायेत, डॉक्टरनं पंधरा सांगितले. सोमवार ते शुक्रवार मावसबहिणीकडं राहतो अन शनिवारी गावी येतो. सुरुवातीले त्यांनी छातीवर पेननं रेघा मारल्या, फुल्या मारल्या, लय वेळ मोजमाप केलं. घरी आल्यावर जावेनं विचारलं हे काय वं, तं मी म्हटलं मोजणीवाला येऊन गेला, हद्द कायम करून गेला, आता शेजाऱ्याचं अतिक्रमण निघते. जाऊ पोट धरून हासली, मी बी हासली, लय दिवसानं हासली. पण नणंद बसली होती तिथं, ते चिडली, म्हणे एवढा मोठा रोग झाला अन हे दात काढून रायली, लोकं काय म्हणतीन. सासूबाई बी गप झाल्या. तवापासून मी आली का घरातले टीव्ही बी बंद करतात. अन दुसरीकडं गावातल्या बाया म्हणतात का हासल्यानं कॅन्सर बरा होते, तू रोज सकाळी हास. एक म्हणते हासू नको, एक म्हणते हासच. मी करू काय?

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी ऑफिसात मोठ्यानं वाचलं आणि ‘अतिक्रमण निघते’ इथं आमचा टायपिंग करणारा पोरगा पण हसला, त्याच्या घरचा धुऱ्याचा वाद तहसीलमध्ये चालू आहे म्हणून त्याला जास्तच लागलं. तेव्हा तुमचं काहीही चुकलेलं नाही. जोक चांगला होता आणि तो मारायचा हक्क तुमचाच होता कारण रेघा तुमच्या अंगावर आहेत. हेच मी आजच्या सगळ्या उत्तरांत सांगणार आहे की आजाराचा जोक आजारी माणसानं मारायचा, बाकीच्यांनी हसायचं. उलटं झालं की गडबड होते, ते पुढच्या पत्रात येईलच.

आणि लोक काय म्हणतील म्हणे! अहो आपण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक काढणारी माणसं. नागपूरला काळी मारबत निघते, पिवळी निघते, सोबत बडगे म्हणजे टिंगलीचे पुतळे, त्यात पुढाऱ्यापासून महागाईपर्यंत सगळ्यांची टिंगल आणि अख्खी गर्दी ओरडते की रोगराई घेऊन जाय गे मारबत. शंभराच्या वर वर्षं झाली या गोष्टीला. गावोगावी पोरं पण हेच ओरडत शिवेपर्यंत जातात. म्हणजे रोगाला वाजवत गाजवत, हसत, शिव्या देत हाकलायचा ही आपल्याच मुलखाची पद्धत, आणि तुम्ही घरात बसून एक जोक मारला तर त्यात लोकलाज कुठून आली.

पण नणंदबाईंवर पण राग धरू नका. त्या घाबरल्यात, आणि आपल्याकडे घाबरलेलं माणूस ओरडतं. आजारी बाई रडत असली की बाकीच्यांना काय करायचं ते माहीत असतं, पाणी द्यायचं, पाठीवरून हात फिरवायचा, ‘होईल सगळं बरोबर’ म्हणायचं. तीच बाई हसायला लागली की त्यांना सुचत नाही आता आपण काय करावं. म्हणून त्यांना काम द्या. तुम्हाला हाताचे व्यायाम दिलेच असतील, भिंतीवर बोटं चढवत चढवत हात वर न्यायचा तो पण असेल, कारण शेक घेताना हात डोक्यावर धरून पडावं लागतं आणि काखेतल्या गाठी काढल्या असल्या की खांदा आखडतो. तर शनिवारी गावी आल्या की नणंदबाईंना म्हणा, तुम्ही खडू घेऊन उभ्या राहा आणि माझं बोट जिथवर जाते तिथं रेघ मारा. दोन आठवड्यांत रेघ वर सरकली की बघा त्याच कशा जावेला बोलावून दाखवतात. टीव्ही मात्र तुम्ही स्वतः लावा आणि आवाज मोठा ठेवा.

आता गावातल्या बायांचं. हसल्यानं कॅन्सर बरा होत नाही, हे स्पष्ट सांगून ठेवते, कारण याचा दुसरा अर्थ असा निघतो की ज्या दिवशी हसू आलं नाही त्या दिवशी आजार वाढला तर दोष आपला. आधीच कमी ओझं आहे का डोक्यावर! ऑपरेशननंतर डोळ्यांना किंवा स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या बारीक पेशी मागे राहिल्या असतील तर त्या मारायचं काम मशीन करतं, त्यानं आजार परत उलटण्याचा धोका कमी होतो. डोस एकदम न देता रोज थोडा थोडा देतात, संत्र्याच्या झाडाला पाट न सोडता ठिबकनं पाणी देतो ना तसं, म्हणजे मधल्या वेळात चांगल्या पेशी दुरुस्त होतात आणि कॅन्सरच्या पेशींना ते तितकं जमत नाही. आधी सर्रास पंचवीस शेक द्यायचे, पाच आठवडे. मग इंग्लंडमध्ये मोठे अभ्यास झाले आणि आता पुष्कळ ठिकाणी तीन आठवड्यांत १५ देतात, रोजचा डोस जरा मोठा, एकूण ४० ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसचं माप). तुमचे पंधरा ते हेच. कोणाला जास्त असतात, कोणाला वरून बूस्टचे, म्हणजे गाठीच्या जागेवर जादा, आणखी काही असतात, तेव्हा बाजूच्या बाईचे आणि आपले मोजत बसू नये.

मग हसून होतं काय? तर दिवस जातो. वेळ जास्त जातो तो मशीनखाली नाही, बाहेरच्या बाकड्यावर. आत तर झोपवणं, सरळ करणं, रेघा जुळवणं यातच बराच वेळ जातो आणि प्रत्यक्ष किरणं काही मिनिटंच असतात, दुखत तर काहीच नाही. मी स्वतः त्या मशीनखाली पडून आलेय, आणि मला अजून आठवतं ते हे की सगळे प्रेमानं सरळ झोपवतात, ‘बिलकुल घाबरू नका मावशी’ म्हणतात आणि मग एकाच वेळी सगळे खोलीतून पळतात! म्हणजे घाबरायचं नाही ते फक्त आपण. (त्यांना दिवसभर ढीगभर पेशंट करायचे असतात, रोज सगळ्यांसोबत आत थांबले तर वर्षाकाठी त्यांना विनाकारण किती किरणं लागतील, म्हणून जातात. बाहेरून कॅमेऱ्यात बघत असतात आणि माईकवर बोलतात.) उन्हाळ्यात नागपूर ४५ वर गेलं की तीच खोली सगळ्यांना आवडते, एसी असतो ना, आमच्या वेळी एक आजी मशीन बंद झाल्यावर पण उठायची नाही, म्हणायची अजून थोडा शेकून घ्या.

तुमची डावी बाजू आहे तर कदाचित तुम्हाला श्वास रोखायला लावत असतील. मोठा श्वास घेऊन धरला की छाती फुगते आणि हृदय किरणांच्या वाटेतून जरा लांब जातं, त्यासाठी असते ती कसरत. सगळीकडे करतातच असं नाही, कधी गरज पण नसते. पण करत असतील तर तेवढा वेळ जोक आठवू नका, श्वास सुटला की पुन्हा पहिल्यापासून. हसायचं ते बाहेरच्या बाकड्यावर.

आणि त्या बाकड्यावर बसणाऱ्या बायांशी ओळख करा असं मी जोर देऊन सांगेन. घरच्यांनी कितीही जीव लावला तरी काही गोष्टी फक्त त्यांनाच कळतात ज्यांनी तो मागून उघडा गाऊन घातलाय. आमच्यात एक कळंबकडची बाई होती, बायांना एसटीत अर्धं तिकीट झालं ना मार्च २०२३ पासून, त्यावर ती म्हणायची की सरकारनं योजना माझ्यासाठीच काढली, अर्धी काढून घेतली म्हणून अर्धं तिकीट. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दोन मिनिटं कोणी बोललं नाही आणि मग जे हसलो ते सिस्टर बाहेर येऊन बघून गेली. दुसरी एक वणीकडची, तिला पोळ्याच्या झडत्या (पोळ्याला बैलांसमोर म्हणतात ती कवनं) तोंडपाठ, तिनं शेकाची झडती केली होती :

मशीन फिरते गरगर गरगर,
डॉक्टर म्हणते हलू नको तर,
नाक खाजवते, हात डोक्यावर,
खाजवू कशी मी सांग शंकर,
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!

नाक खाजवणं हे शंभर टक्के खरं आहे, मशीन सुरू झालं की खाजवतंच.

आता एक दोन कामाच्या गोष्टी, पटकन. रेघा घासून काढू नका, पुसट झाल्या तर तिथंच सांगा, स्वतः पेननं गिरवायच्या नाहीत. कोमट पाण्यानं आंघोळ, साबण साधा, चोळायचं नाही, पुसायचं टिपून. हळद, कोरफड, खोबरेल, कोणाच्या आत्यानं दिलेला लेप, यातलं काहीही डॉक्टरला विचारल्याशिवाय लावू नका. घट्ट ब्लाऊज नको, नवऱ्याचा जुना मऊ सुती शर्ट सगळ्यात भारी. कातडी लाल होते, काळवंडते, खाजते, काखेत सोलपटते, ते बहुतेक बायांना होतं. पण पाणी सुटायला लागलं, ताप आला, हात सुजला किंवा धाप लागली तर सोमवारची वाट पाहू नका. ऑपरेशनच्या बाजूच्या हाताला बीपीचा पट्टा, सुई शक्यतो नको, आणि कापूस वेचायला इतक्यात जाऊ नका, बोंडाची टोकं लागून जखम झाली की त्या हातात इन्फेक्शन आणि सूज दोन्ही येऊ शकतात.

आणि थकवा. हा शेवटी शेवटी वाढतो, आणि कातडीचा त्रास पण पुष्कळदा शेक संपल्यावर आठवडा दोन आठवड्यांनी जास्त जाणवतो. गावात काय होतं, शेवटचा शेक झाला की पेढे वाटले, झालं, सगळे आपापल्या वावरात. तुमच्या बचत गटाच्या बाया विचारत असतील ना काही मदत लागली तर सांग म्हणून, त्यांना आत्ताच सांगून ठेवा की भाकरी-भाजीच्या पाळ्या शेक संपल्याच्या दिवसापासून लावा, पुढचे तीनेक आठवडे.

रडू आलं तर रडा, तेही तुमच्याच मालकीचं आहे. फक्त झोप उडाली, जेवण तुटलं, दिवसच्या दिवस काहीच नको वाटायला लागलं किंवा जीव नकोसा झाला तर ते सहन करत बसायचं नाही, शेक देणाऱ्या डॉक्टरला सांगा, किंवा मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा सरकारी नंबर आहे १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्री पण लागतो.

प्रश्न : मी अकोट तालुक्यातला शेतकरी. बायकोचे केमो संपले, आता रेडिएशन सुरू होणार. मित्र म्हणतात तिला हसतं ठेव. मी रोज व्हॉट्सॲपवरचे जोक वाचून दाखवतो, ती तोंड फिरवून झोपते. मागे तिच्या टकलावरून गमतीनं बोललो तर दोन दिवस बोलली नाही. माणूस म्हणून मी काय करावं? रेडिएशननं पुन्हा केस जातील का हे पण ती विचारते.

उत्तर : भाऊ, केसांचं आधी. डोक्याचे केस केमोनं जातात, छातीच्या रेडिएशननं नाही. जिथं किरणं लागतात तिथलेच जातात, म्हणजे फार तर काखेतले. डोक्यावरचे केमो संपल्यावर हळूहळू यायला लागतात, पहिले बारीक येतात, कधी कुरळे येतात. हे तिला आजच सांगा, व्हॉट्सॲपच्या सगळ्या जोकपेक्षा हे ऐकून तिला बरं वाटेल.

टकलावर तिनं स्वतः जोक मारला असता तर तुम्ही हसला असता आणि ते बरोबर होतं. तुम्ही मारला म्हणून तो टोमणा झाला. मन साफ होतं तुमचं, मान्य, पण तिला कसं कळणार, तिला रोज आरसा बघावा लागतो. तुम्ही स्वतःवर जोक मारा ना, त्याला पूर्ण परवानगी आहे. वरणाला फोडणी देताना काय काय झालं ते सांगा. आमच्या ओळखीत एक जण बायकोच्या शेकाच्या दिवसांत पहिल्यांदा पोळ्या करायला बसला, त्या पोळ्यांचे नकाशे बघून ती बाई ओळखायची, हा चिखलदरा, हा मेळघाट, आणि तो ते फोटो काढून दवाखान्यात सगळ्यांना दाखवायचा. असा नवरा चालतो.

‘काही लागलं तर सांग’ हे वाक्य बंद करा. ती सांगणार नाही. त्यापेक्षा फाईल तुमच्या ताब्यात घ्या, कागद तारखेप्रमाणे लावा, रेशन कार्ड, आधार सोबत ठेवा आणि दवाखान्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र बसतो त्याच्याकडे पहिल्याच दिवशी जा, रेडिएशन त्या योजनेत बसतं. दवाखाना योजनेत आहे की नाही ते आधी विचारून घ्या, नंतर भांडून उपयोग नसतो. विदर्भात नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, वर्ध्याकडे सेवाग्राम आणि सावंगीचे दवाखाने आहेत, तेव्हा रोजच्या येण्याजाण्याला किंवा नातेवाइकाकडे राहायला कुठलं बरं पडेल ते तुम्ही दोघं बसून ठरवा, एकट्यानं ठरवू नका. मुंबईला टाटालाच जावं लागलं तर दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, कॅन्सरच्या पेशंट आणि नातेवाइकांसाठी, आणि कॅन्सर पेशंटला रेल्वेत स्लीपरचं तिकीट माफ असतं, त्याला दवाखान्याचा फॉर्म लागतो.

अजून एक, हे पुरुषमाणसं विचारत नाहीत म्हणून मीच सांगते. जखमेची बाजू ती तुमच्यापासून लपवत असेल. बघू दे म्हणून मागे लागू नका आणि नजर पण चोरू नका. तिनं दाखवली तर बघा, आणि काही सुचलं नाही तर गप राहिलात तरी चालेल. आणि दुपारी दुपारी येऊन ‘कितवी स्टेज’ विचारणाऱ्या पाहुण्यांना ओसरीवरच बसवून तिथंच चहा पाजा, हे काम फक्त तुम्हीच करू शकता.

प्रश्न : माझ्या सासूबाईंना शेक चालू आहेत. भासरे (थोरले दीर) म्हणतात सासूबाईंच्या अंगातून किरणं निघतात, नातवाला मांडीवर देऊ नका, ताट वेगळं ठेवा. नातू दोन वर्षांचा आहे. खरं आहे का?

उत्तर : खोटं आहे. बाहेरच्या मशीनचा शेक असतो तेव्हा किरणं मशीन बंद होताच संपतात, अंगात काही राहत नाही. कॅन्सर शिवल्यानं, उष्टं खाल्ल्यानं लागत नाही. नातू मांडीवर द्या, फक्त तो त्या बाजूला लाथा मारणार नाही हे बघा. वेगळं ताट भासऱ्यांना वाढा.

प्रश्न : आर्वीकडून लिहितेय. शेक संपून दोन महिने झाले. एक बाजू नाही म्हणून ब्लाऊज नीट बसत नाही. आत ठेवायचं विकतचं पॅड महाग आहे. घरचा कापूस भावाची वाट पाहत पडूनच आहे, त्याचंच भरून घेतलं तर चालेल का? लेक म्हणते आई तुझ्या छातीला तरी हमीभाव मिळू दे.

उत्तर : लेकीला माझा नमस्कार सांगा, ही पोरगी पुढं जाईल!

चालेल. पण आधी कातडी पूर्ण भरली का ते डॉक्टरला दाखवा, अजून सोलपटं किंवा ओल असेल तर थांबा. मग जुन्या धुतलेल्या सुती साडीची पिशवी शिवा, नवीन कापड खरखरीत असतं. ब्लाऊजला आतून खिसा घ्या आणि पिशवी त्या खिशात ठेवा, नुसती ठेवली तर कापूस हलका म्हणून हात वर केला की तीही वर चढते आणि लग्नात अक्षता टाकताना फजिती होते. आकारासाठी शिलाईवालीला समोर बसवून दुसऱ्या बाजूच्या मापानं करा, पहिल्यांदा जमणार नाही, दोनदा उसवावं लागेल. दोन पिशव्या करा, एक धुवायला. कापूस पिंजून घ्या, गादीवाल्याकडे होऊन जाईल, आणि सरकी एकूण एक काढा, एखादी राहिली तर दिवसभर टोचते आणि चारचौघात खाजवता पण येत नाही.